माध्यमिक शिक्षक होण्याची वाट

(यवतमाळ येथे माध्यमिक शिक्षक, शिक्षण विस्तार अधिकारी आणि पंचायत समितीचे सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. व्याख्यात्यांनी अध्यापक महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले असून ते आता सेवानिवृत्त आहेत.)



आजच्या विषयाचे निमित्त एका साध्या प्रश्नाने घडले. मागल्या उन्हाळ्यात केळापूर तालुक्यातील एक ग्रामपंचायत सदस्य माझ्याकडे आले. सोबत त्यांची पुतणी होती. कोलाम समाजाच्या त्यांच्या पोडावरील ती पहिली पदवीधर. सदस्यांनी पायरीवरच चपला काढल्या आणि बसता बसता विचारले, "सर, पोरगी बी.ए. झाली. हायस्कूलात शिकवाचं म्हणते. तिले कोणतं सर्टिफिकेट लागते?" मी उत्तर द्यावयास तोंड उघडले आणि ध्यानात आले की, ज्या विषयात माझे आयुष्य गेले त्या विषयावरील हा प्रश्न मला एका वाक्यात सोडविता येत नाही. मग दोन तास बोलणे झाले. ते बोलणे आपणा सर्वांच्या उपयोगी पडावे, म्हणून आज येथे उभा आहे.

अमेरिकेत शिक्षकाला आपल्या राज्याकडून अध्यापनाचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. विद्यापीठाची पदवी वेगळी आणि परवाना वेगळा. इंग्लंडमध्येही पात्र शिक्षकाचा दर्जा पदवीहून निराळा दिला जातो. आपल्याकडे माध्यमिक शिक्षकासाठी असा स्वतंत्र परवाना नाही. विद्यापीठाची बी.एड. ही पदवी हेच आपले प्रमाणपत्र. मात्र या एका कागदामागे तीन सत्ता उभ्या असतात. पदवी देते विद्यापीठ. आपल्या जिल्ह्यापुरते ते अमरावतीचे. अभ्यासक्रम चालविण्याची मान्यता देते राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. आणि नेमणुकीची पात्रता ठरविते राज्य शासन. या तिघांपैकी एकाची जरी सांगड चुकली, तरी हातातील पदवी भिंतीवर लावण्यापुरती उरते. हे चुकणे कसे घडते ते मी पुढे सांगणार आहे, कारण त्यात आपल्या भागातील मुलांची उमेदीची वर्षे जातात.

थोडे मागे जाऊ. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला बरा पगार असावा आणि शक्यतो तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, असा त्यांचा आग्रह होता. ते बोलले प्राथमिक शाळांविषयी; पण पोडावरची मुलगी हायस्कूलात शिकविण्याची इच्छा धरते तेव्हा मला त्या निवेदनाचीच आठवण होते. त्याच आयोगाने पदवीधरांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम इतरांहून वेगळा असावा, असे सुचविले. माध्यमिक शिक्षकाच्या स्वतंत्र प्रशिक्षणाचे मूळ असे शंभराहून अधिक वर्षे जुने आहे.

वऱ्हाडातील पदवीधराला त्या काळी प्रशिक्षणासाठी थेट जबलपूरला, स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात, जावे लागे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे यवतमाळच्या मुलांची पदवी नागपूरची झाली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ निघाले तेव्हा आपला जिल्हा त्यात आला. आज त्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. यवतमाळहून अमरावतीला निघालेले कित्येक विद्यार्थी एके काळी शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला उतरत आणि तेथून मोठी गाडी धरीत. ती अरुंद रुळांची गाडी आता बंद आहे. पदवीच्या कागदासाठी घालावे लागणारे हेलपाटे मात्र पुरते बंद झाले, असे म्हणवत नाही.

आपल्या शेजारची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वर्धा नदीपलीकडे, वर्ध्यास, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यातून नयी तालीमचा आराखडा तयार केला, आणि सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने शिक्षक घडविण्याचे काम हाती घेतले. हातांनी काम करता करता शिकवावयाचे, हा त्यांचा धडा होता. शाळांनी तो फारसा उचलला नाही. आमच्या अध्यापक महाविद्यालयांनी 'कार्यानुभव' नावाची एक वही केली आणि त्यात कागदाची फुले चिकटविली. आम्ही सारेच त्यात सामील होतो, म्हणून दोष कोणा एकाला देत नाही.

आता मुख्य विषय. बी.एड.ला प्रवेश कोणाला मिळतो? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची स्थापना १९९३ च्या अधिनियमाने झाली आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये तिचे काम सुरू झाले. तिच्या २०१४ च्या नियमावलीप्रमाणे पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण असावे लागतात. अभियांत्रिकीच्या पदवीधरास ५५ टक्के. महाराष्ट्रातील मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांवर येते. यावर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा असते. तिच्यात मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षकी अभियोग्यता यांवर प्रश्न विचारतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. आमच्या ओळखीच्या त्या मुलीला पदवीला ५३ टक्के होते. तेव्हा टक्क्यांची चिंता नव्हती. मी तिला पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच : "बाळ, तुझे पदवीचे विषय कोणते?"

हा प्रश्न आपल्या भागात कोणी वेळेवर विचारीत नाही. बी.एड.मध्ये शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती घ्याव्या लागतात, आणि त्या पदवीच्या विषयांशी जुळाव्या लागतात. शाळेतील जागा विषयवार असते : भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे. नववी-दहावीच्या वेळापत्रकात समाजशास्त्राला किंवा गृहअर्थशास्त्राला स्वतंत्र विषय म्हणून तास नाही. ज्या मुलाने कनिष्ठ महाविद्यालयातून बाहेर पडताना, मित्राने घेतले म्हणून किंवा त्या महाविद्यालयात तेवढेच विषय होते म्हणून, असे विषय घेतले, त्याला शिक्षक व्हावयाची वेळ येते तेव्हा दार अरुंद झालेले आढळते. म्हणजे माध्यमिक शिक्षक होण्याचा निर्णय बी.एड.च्या अर्जापाशी होत नाही. तो पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अर्जावर, नकळत, होऊन गेलेला असतो. मुलीचे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र निघाले. मी सुटकेचा श्वास सोडला.

दुसरा मुद्दा मान्यतेचा. अधिनियमाच्या सोळाव्या कलमाप्रमाणे परिषदेची मान्यता नसलेल्या संस्थेला विद्यापीठाने संलग्नता देऊ नये आणि तिच्या विद्यार्थ्यांची परीक्षाही घेऊ नये. सतरावे कलम त्याहून कठोर आहे. मान्यता काढून घेतल्यानंतरही अभ्यासक्रम चालू राहिला, तर त्यातून मिळालेली पदवी केंद्र वा राज्य शासनाच्या, विद्यापीठाच्या किंवा अनुदानित शाळेच्या नोकरीसाठी वैध पात्रता म्हणून धरली जात नाही. यात संस्थाचालकाचे काय व्हावयाचे ते होवो, विद्यार्थ्याची दोन वर्षे आणि बापाने कापूस विकून भरलेली फी मात्र परत येत नाही. परराज्यातील एखाद्या संस्थेचा दलाल गावात येतो, 'हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या' असे सांगतो, आणि पोरे फसतात. नियमाप्रमाणे बी.एड.ला वर्गातील कामासाठी ८० टक्के आणि शाळेतील अंतर्वासितेसाठी ९० टक्के उपस्थिती लागते. तेव्हा हजेरीची सूट देऊ करणाऱ्या माणसाला काय म्हणावयाचे ते पंचायत सदस्यांनी ठरवावे. फी भरण्याआधी संस्थेचा मान्यता आदेश मागून वाचावा. त्यात संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि प्रवेशक्षमता लिहिलेली असते. एका युनिटमध्ये ५० विद्यार्थी, हे परिमाण लक्षात ठेवले म्हणजे दीडशे मुले भरलेला वर्ग पाहून शंका येईल.

२०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यापूर्वी ते एका वर्षाचे होते, आणि त्या वर्षातही दिवाळी, निवडणुकीची कामे आणि परीक्षा वजा जाता हाती फार थोडे उरे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सूचना नवी नव्हती. मुदलियार आयोगानेही १९५२-५३ मध्ये पुढेमागे तसे व्हावे, असे म्हटले होते. न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर ते प्रत्यक्षात आले. मुदत वाढल्याने गरीब घरातील मुलांचा खर्च वाढला, ही तक्रार रास्त आहे. तरीही मी या बदलाच्या बाजूचा आहे. कारण एकच : शाळेतील एकूण वीस आठवडे. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सलग सोळा.

आमच्या वेळी सराव पाठ म्हणजे एक समारंभ असे. हर्बार्टची पंचपदी पाठ केलेली, टाचणाची वही ताज्या शाईने भरलेली, रंगीत तक्ता गुंडाळून आणलेला. (ही पंचपदी हर्बार्टच्या नावावर चालत असली, तरी तिला ते रूप दिले त्याच्या शिष्यांनी, तो बिचारा १८४१ मध्येच वारला.) पुढे सूक्ष्म अध्यापन आले, ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या वर्षांत निघाले आणि आमच्याकडे छात्राध्यापक एकमेकांसमोर विद्यार्थी होऊन बसू लागले. त्याचा उपयोग नाही असे नाही. परंतु खऱ्या वर्गाची गोष्टच वेगळी.

एक पाठ मला आठवतो. पांढरकवड्याच्या बाजूची एक शाळा, आठवीचा वर्ग, विषय शेकडेवारी. आमची छात्राध्यापिका अमरावतीकडची, तयारीची. तिने फळ्यावर दुकानदाराच्या नफा-तोट्याचे उदाहरण मांडले. मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, कापसाचं काहून कापते?" तिला प्रश्न समजला नाही. मुलाचा बाप आदल्या दिवशी खरेदी केंद्रावर जाऊन आला होता. कापसात ओलावा ८ टक्क्यांहून अधिक असला, की वाढीव प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. घरी त्यावरून बोलणे झाले असणार. बाईंनी 'हे आपण नंतर पाहू' असे म्हणून दुकानदाराचा नफा काढला. निरीक्षक म्हणून मी गुण दिले. चांगले दिले, कारण निरीक्षणाच्या तक्त्यात त्या मुलाच्या प्रश्नासाठी रकानाच नव्हता.

पण ती मुलगी जिद्दीची. संध्याकाळी ती बाजारात गेली, विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिले : समजा भाव ७,००० रुपये क्विंटल आणि ओलावा ११ टक्के, तर किती मिळतील? तीन टक्के कपात, म्हणजे २१० रुपये, हाती ६,७९०. मग दहा क्विंटलचे काढा. मग ओलावा ९ टक्के धरून काढा. बाक वाजू लागले. एका मुलीने विचारले, "कापूस दोन दिवस वाळवून नेला तर?" त्या तासाला मी मागे बसलो होतो आणि माझ्या हातातील निरीक्षणाची वही कोरी राहिली. एका पाठापुरता आलेला छात्राध्यापक आदल्या दिवशीच निघून गेला असता. तिला दुसरा दिवस मिळाला, कारण ती त्या शाळेत मुक्कामाला होती. सोळा आठवडे म्हणजे असे ऐंशी-नव्वद दुसरे दिवस.

नव्या अभ्यासक्रमातील एका विषयाकडे आपले विशेष लक्ष वेधतो : 'अभ्यासक्रमातील भाषा'. विज्ञानाचा शिक्षकही भाषेचा शिक्षक असतो, हे त्याचे सूत्र. यवतमाळ जिल्ह्याइतके याचे प्रत्यंतर क्वचित कोठे येईल. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारा, तांड्यावरून आलेला व गोरमाटी बोलणारा, गोंडी बोलणारा आणि कोलामी बोलणारा अशी मुले बसतात. कोलामी व गोंडी या द्रविड कुळातील भाषा. त्यांची वाक्यरचना मराठीहून भिन्न. आठवी-नववीत पोचलेला मुलगा मराठी बोलतो, म्हणून त्याला पुस्तकातील मराठी उमगते असे आपण धरून चालतो. तो गप्प बसतो आणि आपण त्याला मठ्ठ ठरवितो. दहावीपूर्वी शाळा सोडणाऱ्यांत अशी गप्प बसलेली मुले किती असतात, हे येथील मुख्याध्यापकांना मी सांगावयास नको.

आता पदवीनंतरचे. येथे बरेच गोंधळतात. २०१० पासून पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक झाली. नववी-दहावीसाठी तशी अट नाही. म्हणून काही मुले म्हणतात, 'मी हायस्कूलचा, मला ती परीक्षा कशाला?' पण आपली हायस्कुले बहुधा पाचवीपासून किंवा आठवीपासून सुरू होतात, आणि आठवीपर्यंतचे वर्ग शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेत येतात. तेव्हा पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर देऊन ठेवणे शहाणपणाचे. आता ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. नोकरीत असलेल्यांनाही आता हा विषय परका राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. याउलट बी.एड. करून पहिली ते पाचवीला शिकविण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयाने बंद झाली. ज्याला लहान मुलांना शिकवावयाचे आहे, त्याने बारावीनंतर पदविकाच करावी.

नेमणुकीसाठी १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आजही आधारभूत आहे; तिच्या अनुसूची 'ब'मध्ये पात्रता दिल्या आहेत. २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि 'पवित्र' प्रणाली आली. पुण्याची राज्य परीक्षा परिषद २०० गुणांची चाचणी घेते. ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. सालांमधील अंतर पाहा. एक संधी हुकली तर पुढची केव्हा, हे सांगता येत नाही. निवड झाल्यावर तीन वर्षे शिक्षण सेवक. माध्यमिकला २०२३ च्या सुधारणेनुसार मानधन महिना १८,००० रुपये.

माझ्या एका विद्यार्थ्याने पदवी मिळताच एका संस्थेच्या विनाअनुदानित शाळेत नोकरी धरली. संस्थेचे नाव घेत नाही. त्याच्या पद्धती गणित आणि विज्ञान. त्याला नेमले रिकाम्या असलेल्या सामाजिक शास्त्रांच्या जागेवर. 'पुढे पाहू', असे तोंडी सांगितले गेले. नऊ वर्षांनी शाळेला अनुदान आले तेव्हा त्याची वैयक्तिक मान्यता अडली, कारण जागेचा विषय आणि त्याचा विषय जुळत नव्हता. तो उत्तम शिकवीत असे. फाईलमध्ये तसा कागद नव्हता. आज तो घाटंजीकडे शेती करतो आणि भेटला की माझ्या पाया पडतो. मला ते फार जड जाते. नेमणूकपत्रावरील विषयाची ओळ वाचावयास मी त्याला शिकविले नव्हते.

आणखी एक कागद. अनुसूचित जमातीच्या उमेदवारास जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो. आता ज्या घरातील आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांच्या शाळा सोडल्याचा दाखला कोठून आणावयाचा? अशा वेळी कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल किंवा जुना महसुली कागद कामास येतो. तो शोधणे पोडावरील मुलीच्या आवाक्यातले नाही. तलाठी कार्यालयात आणि तहसिलीत वजन असलेला माणूस बरोबर लागतो. पंचायत सदस्यांनी रस्ते आणि गटारांच्या कामांइतका वेळ वर्षाकाठी दोन मुलांच्या या कागदाला द्यावा, एवढी माझी मागणी आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये पांढरकवडा आणि पुसद येथे आहेत. शिष्यवृत्ती व वसतिगृहाची चौकशीही तेथेच करता येते.

जी मुले आता बारावीत आहेत, त्यांच्यासाठी वाट बदलते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरविले असून, असा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला. आधी पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांचे, आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी एका वर्षाचे बी.एड., अशीही धोरणात तरतूद आहे. परिषदेने २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला. म्हणून अर्जाच्या वर्षी त्या वर्षीचा नियम वाचावा. मोठ्या भावाच्या वेळचा नियम धाकट्याला लागू पडेलच असे नाही.

त्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. त्या दिवशी आम्ही कागदावर लिहिले : पद्धती मराठी व इतिहास, पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, वैधतेचा प्रस्ताव आजच, प्रवेश परीक्षेची तयारी. चुलत्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना मुलगी दारात थांबली आणि म्हणाली, "सर, मराठीच्या तासाला कोलामीत समजावलं तर चालते का?" मी म्हटले, चालते. मग म्हणाली, "आमच्या सरांनी चालू दिलं नव्हतं." ती यंदा सामाईक प्रवेश परीक्षेला बसली आहे. वैधतेच्या प्रस्तावासोबत जोडावयाच्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तिचे चुलते तहसिलीत आजवर चार वेळा जाऊन आले. पुढल्या सोमवारी ते पुन्हा जाणार आहेत. या सभेत त्या तालुक्याचे अधिकारी उपस्थित आहेत, असे मला सांगण्यात आले. त्यांना मी सभा संपल्यावर भेटतो.